बारा ठिपक्यांतली अक्षरे

आइंडहोव्हनमधल्या त्या कार्यालयात मी आणि एक चिनी बाई समोरासमोर बसत असू. मी देवनागरी अक्षरे काढत असे, त्या चिनी. दोघांचीही अक्षरे घरगुती कॉर्डलेस फोनच्या पडद्यासाठी होती आणि दोघांनाही उंचीला बाराच ठिपके मिळाले होते. हे दोन हजार पाचच्या आसपासचे. तेव्हाचे ते पडदे करडे-हिरवे असत. त्यांवरचा ठिपका एकतर काळा असे किंवा नसे. मधली छटा नव्हती. बारा ओळी, बारा स्तंभ आणि त्या चौकटीत एक अक्षर बसवायचे, एवढेच काम.

त्याआधी मी पुण्यात एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. बायकोला ब्रेडातल्या एका फोन बनवणाऱ्या कंपनीत चाचणी विभाग सांभाळायचे काम मिळाले, तिचा परवाना आला आणि मी तिच्यामागून डिपेंडंट म्हणून आलो. घर आइंडहोव्हनशेजारच्या न्यूनेनला मिळाले, त्यामुळे ती रोज आइंडहोव्हनहून ट्रेन धरी. गणपतीला आम्ही अॅमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणाऱ्या तिच्या एका सहकाऱ्याकडे जात असू. तिथे पहिल्याच वर्षी आरतीनंतर एकाने विचारले, "बाकी सगळीकडे वहिनी डिपेंडंट, तुमच्याकडे दादा. व्हिसावर कामाची बंदी आहे की इच्छाच नाही?"

"दोन्ही तपासून पाहतोय," मी म्हणालो. लोक हसले. मोदक आले.

काम मिळाले ते ओळखीतून. बायकोच्या कंपनीला अक्षरे पुरवणारी एक छोटी डच कंपनी आइंडहोव्हनमध्ये होती. फोन भारतातही विकायचा होता आणि तिथल्या मालकाला देवनागरी बारकाईने वाचणारा माणूस हवा होता. चित्रकला येते का, असे त्याने विचारले नाही. चूक दिसते का, असे विचारले. ती मला दिसत असे. दिसण्याचाच पगार मी घेत आलो होतो.

देवनागरीला बारा ठिपके कसेबसे पुरतात. शिरोरेषेला एक ओळ जाते, वरच्या मात्रांना आणि वेलांट्यांना तीन, उकारांना खाली दोन. अक्षराच्या पोटाला सहा उरतात. त्या सहांत 'भ'चा 'म' होतो आणि 'घ'चा 'ध'. मी कुरकुर करत असे. समोरच्या बाई एकदा खुर्ची वळवून माझ्या पडद्याशी आल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे तर केवढी जागा आहे."

त्या पन्नाशीच्या होत्या. केस आखूड, चष्मा कपाळावर, आवाज गरजेपेक्षा थोडा मोठा. आमचे बोलणे इंग्रजीत चाले, दोघांच्याही आपापल्या इंग्रजीत. मी त्यांना मॅडम म्हणत असे. एक दिवस त्या वैतागल्या.

"मॅडम म्हटलं की वाटतं, मी व्हिसाच्या खिडकीपाशी उभी आहे."

"मग काय म्हणू?"

"आमच्याकडे शिकवणाऱ्याला लाओशी म्हणतात. तू काही शिकत असशील तोवर म्हण."

मी तेव्हापासून त्यांना लाओशी म्हणू लागलो. त्या मला न्यूजपेपर म्हणत.

शिकण्यासारखे पहिले गणित साधे होते. काळी आडवी रेघ दिसायची तर तिच्याखाली एक ओळ पांढरी सोडावी लागते. नाहीतर दोन रेघा मिळून एक जाड पट्टा होतो. बारा ओळींतली एक वरच्या-खालच्या मजकुरातले अंतर म्हणून जाते. अकरांत रेघा बसतात सहा. चिनी लिपीत आठ-आठ, नऊ-नऊ आडव्या रेघा एकावर एक असलेली अक्षरे आहेत, आणि ती रोजच्या वापरातली आहेत. त्या अक्षरांतल्या काही रेघा गाळाव्याच लागतात. प्रश्न फक्त कोणत्या, एवढाच.

लाओशी दोन वर्षे तेच ठरवत होत्या. तीन रेघा जवळजवळ असतील तर मधली जाऊ द्यायची. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची कधीही काढायची नाही. कोपरे सोडायचे नाहीत. तिरकी रेघ दोन ठिपक्यांनी सुचवता आली तर तिसरा ठेवायचा नाही.

"काळं कुणीही काढेल," त्या म्हणत. "पांढरं सांभाळायचं असतं. वाचणारा रेघा मोजत बसत नाही. तू गर्दीत बायकोला ओळखतोस तेव्हा तिची बोटं मोजतोस का?"

"गर्दीत ती मला ओळखते," मी म्हणालो. "मी शोधत असतो."

"म्हणून तुझा 'भ' असा झालाय."

चार अक्षरे त्यांनी मला पहिल्यांदा शिकवली. एकाचा अर्थ वेणी, दुसऱ्याचा पाकळी, तिसऱ्याचा वाद घालणे, चौथ्याचा ओळखून वेगळे करणे. चारही अक्षरांना दोन बाजूंना अगदी सारखे दोन खांब असतात आणि मध्ये काहीतरी वेगळे बसलेले असते. कागदावर त्यांत अडचण नाही. बारा ठिपक्यांत दोन खांबच सगळी रुंदी खाऊन टाकतात आणि मधल्यासाठी एक फट उरते. मग चारही सारखी दिसतात. लाओशींनी खांब बारीक केले, त्यांच्या आडव्या रेघा कमी केल्या आणि मधल्याला तीन ठिपक्यांची रुंदी मिळवून दिली. ते खांब नियमाने पाहिले तर अर्धवट होते. मात्र चार अक्षरे चार झाली. मला चिनी वाचता येत नव्हते, तरी लांबूनसुद्धा ती वेगळी दिसत.

त्यांना या कामातून काय हवे होते, ते त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितले. डच सहकारी तपकिरी पावाला चीज लावून खात आणि वर ताकाचा मोठा ग्लास पीत. त्या ताकात मीठ नसे, जिरे नसे. मी घरून मीठ नेऊन त्यात घालू लागलो होतो. लाओशी त्या ग्लासाकडे बघतही नसत. स्वतःच्या थर्मासमधला चहा पीत.

त्यांचे वडील हांगझोऊमध्ये एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितशोधन करत आलेले. आता निवृत्त, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, चष्मा कसाही लावला तरी तक्रार. रविवारी फोनवर ते लेकीला विचारत, की तू तिकडे करतेस तरी काय? तिने सांगितले, की फोनच्या पडद्यावरची अक्षरे काढते.

"म्हणाले, ती अक्षरं नव्हेत, ते डास आहेत. जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन माझी मुलगी डास काढते." लाओशींनी चहाचे झाकण फिरवले. "मी म्हटलं, एक फोन पाठवीन. वाचून दाखवा. म्हणाले, वाचता आलं तर मानेन."

"म्हणजे पैज?"

"पैज वगैरे नाही. त्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या. कुणाला बरं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मला तो फोन त्यांच्या हातात द्यायचाय. बाकी काही नको."

अक्षरे जवळपास पूर्ण झाली तेव्हा नमुन्याचे दोन फोन तयार होऊन आले. त्यांत लाओशींची अक्षरे भरलेली होती. पडद्यामागचा दिवा मात्र अजून चालत नव्हता. लाओशी त्यांतला एक पर्समध्ये घालून मला स्टेशनजवळच्या 'चिनी-इंडिश' खानावळीत घेऊन गेल्या. तिथल्या इंडिशचा संबंध इंडोनेशियाशी असतो, भारताशी नाही. हे मला पूर्वीच एकदा जेवून कळले होते. स्वयंपाकी चीनमधल्या वेनझोऊकडचा, साठी ओलांडलेला. हात पुसत बाहेर आला. चष्मा आतच राहिला, तो आणायला लाओशींनी त्याला जाऊ दिले नाही.

फोन हातभर लांब धरून तो वाचू लागला. माणसांची नावे, रस्त्यांची नावे, पदार्थ. अडखळला नाही. मग ती चार अक्षरे आली. वेणी, पाकळी, वाद बरोबर वाचले. चौथ्यापाशी थांबला, फोन थोडा कलता केला आणि मग तेही बरोबर वाचले.

"मधली रेघ एका ठिपक्यानं डावीकडे न्यायला हवी," लाओशी मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती नेली.

स्वयंपाकी त्यांच्याशी काहीतरी बोलला आणि हसला. मी अर्थ विचारला.

"विचारतोय, हा फोन दुकानात कधी येणार. त्याच्या मेव्हण्याचा फोन वाचायला त्याला खिडकीशी जावं लागतं. आणि विचारतोय, हा भारतीय माणूस आमच्याकडे इंडोनेशियाचा भात का खातो."

अक्षरे ज्या शुक्रवारी पूर्ण झाली, त्या दिवशी लाओशींनी कार्यालयात फ्लाय आणले. फळे भरलेल्या त्या मोठ्या गोल केकला इकडे फ्लाय म्हणतात. आनंद ज्याचा, त्यानेच इतरांना खाऊ घालायचा, ही डच रीत. लाओशींनी ती इतक्या वर्षांत कधी पाळली नव्हती. वाढदिवससुद्धा लपवला होता. मालकाने प्रत्येकाशी हस्तांदोलन करून अभिनंदन केले, माझेही केले. लाओशींनी जर्दाळूचा तुकडा मला देताना सांगितले, "पुढच्या वेळी ताकसुद्धा पिईन."

अक्षरे ब्रेडाला गेली. तिथून तपासणीसाठी पुण्याला.

बायकोच्या हाताखालची तपासणीची तुकडी पुण्यात होती. पंधरा-वीस मुले-मुली, बहुतेक मराठी. माझी देवनागरी त्यांनी आधीच तपासली होती. त्यांनी काढलेल्या सगळ्या चुका खऱ्या होत्या, 'भ'ची होतीच. त्या तुकडीच्या नजरेबद्दल ब्रेडात मोठा आदर होता आणि तो योग्य होता. चिनी अक्षरे त्यांच्यापैकी कुणालाही वाचता येत नव्हती. त्याने काही अडणार नाही, असे ठरले होते. शेजारी प्रमाण अक्षर ठेवायचे आणि रेघेला रेघ जुळवायची.

त्यांनी ती जुळवली. यादी आली तेव्हा आमच्या मालकाने ती छापायला घेतली आणि छपाईयंत्रातला कागद संपला. लाओशींनी विचार करून गाळलेली जवळजवळ प्रत्येक रेघ त्या यादीत होती. समोर एकच शेरा, पुन्हा पुन्हा: रेघ गहाळ.

लाओशींनी पहिली पाने वाचली. "चांगले लोक आहेत," त्या म्हणाल्या. "एकही सुटली नाही."

ज्या मुलीने यादीचा मोठा भाग केला होता, तिला मी पुण्याला फोन लावला. तसे करायला मालकाची हरकत नव्हती. आपल्या भाषेत बोला, काम लवकर होईल, असे त्याला वाटत होते. मलाही वाटत होते.

"सर, तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?" ती म्हणाली. "तुमचा तो 'भ' आम्ही अजून आठवतो."

"तो मीही आठवतो. हे बघ, या चिनी रेघा गहाळ नाहीत. मुद्दाम गाळल्यात. जागाच नाहीये."

"हो सर, शक्य आहे. पण आमच्या शीटमध्ये 'मुद्दाम' असा कॉलम नाहीये. पास आहे, फेल आहे. रेघ नसेल तर फेल."

"तुम्ही ती अक्षरं मूळ मापात पाहिली का?"

"मूळ मापात काही दिसतच नाही सर. म्हणून तर झूम करून केलं. आठशे टक्क्यांवर एकदम क्लिअर दिसतं."

"लोक फोनवर आठशे टक्क्यांनी बघणार नाहीत."

"सर, तुम्हीच सांगा. तुमच्या पेपरात अनुस्वार गेला आणि कुणी म्हणालं, लांबून बघा, कळतंय, तर सोडला असता का?"

मी तो सोडला नसता. आमच्याकडे एक टिंब गेले की शब्द गेला. शाळेत लाल शाईने हेच शिकवतात, पुढे वृत्तपत्रात याच्याच जोरावर नोकरी मिळते. ती मुलगी आणि मी एकाच शाळेतून आल्यासारखे होतो. तिने देवनागरीत घडलेली नजर एका अशा लिपीला लावली, जी बारा ठिपक्यांत काहीतरी गमावल्याशिवाय वाचताच येत नाही. इतकी काटेकोर चूक दुसऱ्या कुणी केली असती असे मला वाटत नाही.

घरी बायको भाजी चिरत होती. पिशवीतून सुपरमार्केटची वांगी निघाली होती. ती इकडे भरल्या वांग्यांना नेहमी मोठी पडतात.

"अगं, त्या रेघा मुद्दाम गाळल्यात," मी म्हणालो.

"माहितीये. तुमच्या मालकानं मेल केलंय."

"मग?"

"मग काय? मी स्वतः फेलचं पास करू? ज्या पार्टीकडे माझा नवरा काम करतो, तिच्यासाठी?" तिने सुरी खाली ठेवली. "अरे, मला चिनी येत नाही, तुला येत नाही, पुण्यात कुणाला येत नाही. एका बाईच्या शब्दावर हजारो अक्षरं कशी सोडायची? उद्या दुसरा कुणी म्हणेल, माझीही मुद्दाम आहे."

"एका स्वयंपाक्यानं वाचून दाखवलंय."

"ते मीटिंगमध्ये सांगू नकोस," ती म्हणाली. मग सुरी पुन्हा उचलत, "पण लाओशींना म्हणावं, फोन घेऊन या. दाखवू देत. मी मध्ये येणार नाही."

बैठक ब्रेडाला झाली. लांबट खोली, मधोमध टेबल, त्यावर कॉफीचे थर्मास. त्यांच्याकडचे चार-पाच जण, बायको, आमचा मालक, लाओशी आणि मी. डच बैठकीत प्रत्येकाला बोलू देतात आणि कुणी कुणाचा शब्द तोडत नाही. बायकोने यादी मांडली आणि तिला जोडून हेही सांगितले, की पुरवठादाराच्या मते या रेघा हेतुपुरस्सर वगळल्या आहेत. आवाजात कुठलीही बाजू नव्हती.

"दोन्ही शेजारी शेजारी पाहू या," असे म्हणून त्यांच्या प्रकल्पप्रमुखाने प्रोजेक्टर लावला आणि खोलीतले दिवे मालवले.

भिंतीवर अक्षर आले. डावीकडे प्रमाण, उजवीकडे लाओशींचे. प्रत्येक ठिपका तळहाताएवढा होता. त्या मापात गाळलेली रेघ पडलेल्या दातासारखी दिसत होती. दुसरे अक्षर आले, तिसरे आले. एकाने मान तिरकी केली.

लाओशी उठल्या. "ही भिंतीसाठी काढलेली नाहीत," त्या म्हणाल्या आणि नमुन्याचा फोन टेबलावरून पुढे सरकवला.

तो हातोहात फिरला. खोलीत अंधार होता आणि फोनच्या पडद्यामागचा दिवा चालत नव्हता. पहिल्याने फोन डोळ्यांपाशी नेला, दुसऱ्याने भिंतीच्या उजेडाकडे वळवला, तिसऱ्याने तसाच पुढे दिला.

"दिवा लावता का?" लाओशींनी विचारले.

कुणीतरी दिवा लावला. भिंतीवरचे चित्र फिके पडले आणि दाराकडून आवाज आला, की आता इकडचे दिसत नाही. दिवा पुन्हा बंद झाला. तेवढ्या वेळात फोन ज्याच्या हातात होता, त्याने पडद्याकडे पाहिलेही, पण त्याला चिनी येत नव्हते.

"इथे चिनी कोण कोण वाचतं?" लाओशींनी विचारले.

"म्हणूनच तर यादी करून घेतली," प्रकल्पप्रमुख म्हणाला. तो सौम्य माणूस होता आणि त्याचे म्हणणे प्रामाणिक होते.

लाओशींनी मग स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली. मी टेबलाकडे पाहत राहिलो. लोक हसले, त्यात टवाळी नव्हती. एकाने खानावळीचे नाव विचारून घेतले. परंतु कागदावर तपासणी होती ती पुण्याची.

निर्णय असा कुणी दिला नाही. प्रत्येकाने आपापले सांगितले आणि ते एका जागी येऊन थांबले. बाजारात सोळा ठिपक्यांचा एक तयार संच मिळत होता. त्यात बहुतेक सगळ्या रेघा बसत. त्याच्या तपासणीत असे प्रश्न आले नसते. पडद्यावर ओळी कमी मावतील, लांब मजकूर सरकवावा लागेल. पण नाव आणि नंबर दिसेल. तो घ्यावा. बारा ठिपक्यांचा संच पुढच्या एखाद्या फोनसाठी जपून ठेवावा. कुणाची काही हरकत आहे का, असे विचारले गेले. आमच्या मालकाने लाओशींकडे पाहिले. त्या फोन पर्समध्ये ठेवत होत्या.

परतीच्या ट्रेनमध्ये टिलबर्गपाशी त्या म्हणाल्या, "तुझी बायको नीट बोलली. वाईट बोलली असती तर मला भांडता आलं असतं."

पुढचा एखादा फोन आला नाही. एक-दोन वर्षांत पडदे मोठे झाले, रंगीत झाले, करड्या छटा आल्या आणि बारा ठिपक्यांची गरज उरली नाही. लाओशी त्याच टेबलाशी बसून बॅटरीची, घंटेची आणि पाकिटाची चिन्हे काढत राहिल्या. मी मोठ्या मापाची देवनागरी काढू लागलो. तिच्यात 'भ' आणि 'म' वेगळे राहतात. बायकोने पुढच्याच प्रकल्पात आपल्या शीटमध्ये एक कॉलम वाढवला, 'हेतुपुरस्सर'. मला तिने ते जेवताना सांगितले, फार महत्त्व न देता. मी ते लाओशींना सांगितले.

"किती ठिपके रुंद आहे?" त्यांनी विचारले.

सोळा ठिपक्यांचा तो फोन मात्र दुकानात आला आणि बरा खपला. अक्षरांबद्दल तक्रार आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. लाओशींनी त्यांच्या नव्या वर्षाला त्यांतला एक वडिलांना पाठवला. पाठवू का, असे मला विचारले होते. मी पाठवा म्हणालो. पाठवीन असा शब्द त्यांनी दिलेला होता.

त्या नव्या वर्षानंतरच्या सोमवारी लाओशी नेहमीपेक्षा उशिरा आल्या. कोट न काढताच खुर्चीत बसल्या.

"वडिलांचा फोन आला होता. सगळं वाचता आलं त्यांना. शेजाऱ्यांचं नाव, माझं नाव, वर्षाच्या शुभेच्छा. म्हणाले, अक्षरं चांगली आहेत. चांगली, हा शब्द वापरला."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मी त्यांना सांगितलं, यातलं एकही माझं नाही. बाजारातून घेतलेली आहेत." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्याकडे कुणी कौतुक केलं की नाही-नाही म्हणायची पद्धत आहे. त्यांना वाटलं, मी पद्धत पाळतेय. म्हणाले, बाहेर राहूनही रीत विसरली नाहीस. आणखीच खूश झाले."

"पुन्हा सांगा. समजावून सांगा."

"तीनदा सांगितलं, न्यूजपेपर. जितकं सांगते तितके ते खूश होतात. आता गल्लीत फोन घेऊन फिरतात. दाखवतात सगळ्यांना."

त्यानंतरच्या शरद ऋतूत त्यांचे वडील गेले. लाओशी हांगझोऊला जाऊन आल्या. आल्यावर सगळ्यांनी हात हातात घेऊन सांत्वन केले, मालकाने फुले आणली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघेच राहिलो तेव्हा त्या म्हणाल्या, की घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने फोनचा विषय काढला. त्यांच्या मुलीने ती अक्षरे काढली, हे त्या गल्लीत आता सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांचे आभारही मानले.

"तुमच्या पेपरात चुकीचं छापून आलं तर काय करायचात?" त्यांनी विचारले.

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो. पान दोनवर, खाली."

"लहान अक्षरांत?"

"हो. बरीच लहान."

"आणि ज्यानं ते वाचलं होतं, तो दुसऱ्या दिवशी नसला तर?"

याबद्दल आमच्याकडे काही नियम नव्हता. मी तसे सांगितले. लाओशींनी मान हलवली, थर्मासचे झाकण लावले आणि पडद्यावर बॅटरीचे चिन्ह पुन्हा उघडले. कोपऱ्यातला एक ठिपका त्यांनी काढला, थोडे मागे सरून पाहिले आणि पुन्हा होता तिथे ठेवला.